कोंबडीचा उपवास

वाचकहो, आपल्या धाराशिव जिल्ह्यात उपवासाचे कौतुक कोणाला सांगावे? आश्विनात घट बसले की तुळजापूरच्या वाटा माणसांनी फुलून जातात. घरोघर कोणी नऊ दिवस धरतो, कोणी उठता-बसता धरतो, कोणी पायांत वहाण घालीत नाही. हा झाला आपण होऊन धरलेला उपवास. दुसरा उपवास आपल्याला आभाळ धरायला लावते. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, ज्यांनी रोजगाराच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि मिलोच्या तांबड्या भाकरी पाण्याबरोबर गिळल्या, त्यांना तो समजावून सांगायला नको.

पण आज मी माणसाच्या उपवासाची गोष्ट सांगणार नाही. दारात चरणाऱ्या कोंबडीच्या उपवासाची सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, कोंबडीला कसला आला उपवास? दिवसभर तिची चोच चालूच असते! खरे आहे. पण तिच्याही वाट्याला उपवास येतात, आणि तेव्हा तिच्या शरीरात जे घडते, ते उलगडायला शास्त्रज्ञांना पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला. ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. तिच्या शेवटी आपल्यालाही एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

आपला जिल्हा नावाजला तो शेळीसाठी. उस्मानाबादी शेळी देशभर ठाऊक आहे. 2023 साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, तरी शेळीचे नाव मात्र उस्मानाबादीच राहिले. गावठी कोंबडीला असे मानाचे नाव मिळाले नाही. तिला कोणी दावणीला बांधत नाही, तिच्यासाठी कोणी चारा राखीत नाही. खळ्यावरची सांडलेली ज्वारी, उकिरड्यातले किडे, जात्याभोवतीचा कोंडा, एवढ्यावर तिचा संसार. भूम, परंडा, कळंब, वाशी, उमरगा, लोहारा, कुठेही जा. पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. खळेच लागले नाही, तर सांडायला ज्वारी कुठून येणार? 2015-16 च्या दुष्काळात मराठवाड्यात गुराढोरांसाठी चारा छावण्या निघाल्या. कोंबडीची छावणी कोणी काढली नाही. तिने आपले आपण पाहावे, असाच रिवाज आहे.

आणि ती पाहतेही. कसे, ते आता सांगतो.

आधी तिचा घरचा उपवास घेऊ. कोंबडी खुडूक झाली, असे आपल्या बायका म्हणतात. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते ती एकवीस दिवस. पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून, जवळ गेले तर गुरगुरत. दिवसातून एखाद्या वेळी उठते, चार दाणे टिपते, दोन घोट पाणी पिते आणि पुन्हा जाऊन बसते. समोर दाणे टाकले तरी खात नाही. तिचे वजन घटते, तुरा फिका पडतो. पण ती आजारी नसते. पिल्ले बाहेर पडली की तीच कोंबडी दिवसभर उकरून खाते आणि महिन्याभरात पूर्ववत होते. दूर दक्षिण ध्रुवाकडे सम्राट पेंग्विन नावाचा पक्षी आहे. त्याचा नर तर बर्फावर उभा राहून सुमारे चार महिने पोटात अन्न न घेता राहतो, आणि त्यातले दोनेक महिने पायांवर अंडे सांभाळतो. म्हणजे काही पक्ष्यांच्या अंगी उपाशी राहण्याची तयारी निसर्गानेच घातली आहे. ही तयारी शरीरात कोठे असते?

तिचा एक मोठा भाग गळ्यात असतो. कोंबडी साफ करताना मान जेथे छातीला मिळते तेथे नीट पाहा. श्वासनलिकेच्या दोन्ही अंगांना, मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून, तांबूस रंगाचे दोन लहानसे लांबट गोल दाणे दिसतील. मांस समजून आपण ते टाकून देतो किंवा शिजवून टाकतो. ती अवटू ग्रंथी. डॉक्टर तिला थायरॉईड म्हणतात. माणसाला ती गळ्याच्या पुढच्या बाजूला असते, आणि ती सुजली की आपण गलगंड झाला म्हणतो. शरीरात जी धग आहे, अन्न जाळून ऊब आणि बळ करण्याचे जे काम चालते, त्याची गती ठरवणाऱ्या रसांत या ग्रंथीचा रस मुख्य.

हा रस म्हणजे काय, याचा शोध थोडक्यात सांगतो. 1895 साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे बाउमान नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला या ग्रंथीत आयोडीन सापडले. त्याचा आधी स्वतःवरच विश्वास बसेना, कारण प्राण्याच्या शरीरात आयोडीन असते ही कल्पनाच तेव्हा नवी होती. पुढे 1914 सालच्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतला क्रियाशील पदार्थ स्फटिकरूपात वेगळा काढला. त्याला थायरॉक्सिन हे नाव मिळाले. हे काम किती चिकाटीचे होते पाहा: डुकरांच्या सुमारे 3 टन ग्रंथींतून त्यांच्या हाती लागले अवघे 33 ग्रॅम थायरॉक्सिन. बैलगाडीभर उसातून चमचाभर साखर निघावी, तसेच ते झाले. 1926-27 मध्ये इंग्लंडात हॅरिंग्टन यांनी त्याची नेमकी घडण शोधली आणि बार्जर यांच्या साथीने प्रयोगशाळेत थायरॉक्सिन तयारही केले. थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात.

झाले, कोडे सुटले, असे सगळ्यांना वाटले. पंचवीस वर्षे तसेच वाटत राहिले. मग 1952 साली लंडनमध्ये जॅक ग्रॉस आणि रोझालिंड पिट-रिव्हर्स यांना रक्तात आणखी एक भाऊबंद सापडला. तो थायरॉक्सिनसारखाच, पण आयोडीनचे अणू तीन. एक अणू कमी, पण जोर मात्र कितीतरी जास्त! त्याचे नाव ट्रायआयोडोथायरोनिन. हे नाव उच्चारताना माझी जीभ अडखळते, तुमचीही अडखळेल. म्हणून डॉक्टर मंडळींप्रमाणे आपणही थायरॉक्सिनला टी-फोर आणि या धाकट्या भावाला टी-थ्री म्हणू.

मग प्रश्न आला, हा धाकटा येतो कोठून? 1970 साली अमेरिकेत ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग यांनी अशा रुग्णांची तपासणी केली की ज्यांची स्वतःची ग्रंथी काम करीत नव्हती. त्यांना केवळ टी-फोर दिले जात होते. तरी रक्तात टी-थ्री होतेच. म्हणजे टी-फोरमधला एक आयोडीन काढून टी-थ्री करण्याचे काम ग्रंथीबाहेर चालते, यकृतासारख्या अवयवांत चालते. कोंबडीची ग्रंथीही मुख्यतः टी-फोरच रक्तात सोडते. तिच्या रक्तातले बहुतेक टी-थ्री ग्रंथीबाहेरच तयार झालेले असते.

हे समजायला चुलीचा दाखला घेऊ. अंगणात सरपणाची मोळी रचलेली आहे, तिला टी-फोर म्हणा. चुलीत पेटलेले लाकूड म्हणजे टी-थ्री. मोळी कितीही मोठी असली, तरी भाकरी भाजते ती पेटलेल्या लाकडावर. घरात किती आच आहे हे जाणायचे, तर मोळी मोजून भागत नाही. चुलीत पाहावे लागते.

पण चुलीत पाहायचे कसे? कोंबडीच्या एक मिलिलिटर रक्तात टी-थ्री असते ते काही नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. कोणत्या तराजूत तोलणार? हा तराजू दिला तो रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन या जोडीने. 1959-60 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्यांनी किरणोत्सारी खुणेच्या साहाय्याने रक्तातले अतिसूक्ष्म रस मोजण्याची पद्धत काढली. यॅलोबाईंना त्याबद्दल 1977 साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तोवर निवर्तले होते. ही विद्या आपल्याकडेही लवकर आली. मुंबईला परळ येथे 1963 साली अणुशक्ती खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि अवटू ग्रंथीच्या रोगांची तपासणी व उपचार हे त्याचे एक मुख्य काम राहिले. आज तालुक्याच्या गावी रक्त देऊन दुसऱ्या दिवशी थायरॉईडचा कागद हातात येतो, त्यामागे एवढी वाट चाललेली आहे.

हा तराजू हाती आला आणि शास्त्रज्ञांनी उपाशी कोंबडीचे रक्त तोलून पाहिले. अमेरिकेत जे. डी. मे यांनी कोंबड्यांवरचे असे मोजमाप 1978 साली प्रसिद्ध केले. निकाल विचित्र होता. उपाशी कोंबडीच्या रक्तात टी-थ्री उतरले होते आणि टी-फोर मात्र चढले होते! मोळी वाढली, पण चूल विझत आली. असे का व्हावे?

उपाशी माणसाचे टी-थ्री उतरते, हे तेव्हा ठाऊक झाले होते. पण माणसाचे टी-फोर फारसे हलत नाही, आणि उंदराचे तर तेही घटते. कोंबडीचे मात्र वाढते. जाता जाता नवरात्र धरणाऱ्यांना एक सांगतो. ही घट होते ती खऱ्याखुऱ्या निराहाराने. पिष्टमय पदार्थ पोटात गेले की ती बहुतांशी टळते. तेव्हा साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस यांवर चाललेल्या उपवासाने टी-थ्री घटते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका!

असो. कोंबडीचे कोडे दोन तऱ्हांनी सुटू शकत होते. एक, उपाशीपोटी यकृत टी-फोरपासून टी-थ्री करणेच बंद करीत असेल. म्हणजे मोळीतले लाकूड चुलीपर्यंत पोहोचतच नसेल. दोन, टी-थ्री नेहमीसारखे तयार होत असेल, पण कोणी तरी ते लगेच मोडून टाकीत असेल. म्हणजे चुलीत घातलेले लाकूड कोणी तरी बाहेर ओढून विझवीत असेल. बराच काळ पहिला तर्कच बरोबर वाटत होता. साधा आहे ना! पण साधा तर्क नेहमीच खरा ठरतो असे नाही.

1990 च्या दशकात बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठात क्यून, डेक्युपेर आणि व्हेर्ले डारास या संशोधकांनी कोंबडीच्या यकृतातच हात घातला. आयोडीनचे अणू काढणारे पाचकरसासारखे पदार्थ यकृतात असतात. त्यांचे प्रकार वेगवेगळे. एक प्रकार टी-फोरचा बाहेरच्या बाजूचा आयोडीन काढतो आणि जोरकस टी-थ्री तयार करतो. दुसरा, ज्याला तिसऱ्या क्रमांकाचा म्हणतात, तो आतल्या बाजूचा आयोडीन काढतो आणि टी-थ्रीला निकामी करतो. त्यांना दिसले असे की, उपाशी कोंबडीत पहिल्याचे काम जवळजवळ तसेच चालू राहते; पण हा दुसरा, विझवणारा, एकदम वाढतो. म्हणजे दुसरा तर्क खरा ठरला. टी-थ्री तयार होते, पण टिकू दिले जात नाही.

आपल्या घरातले चित्र डोळ्यांसमोर आणा. दिवस कठीण आहेत. पीठ ओंजळभर आहे. घरातली म्हातारी काय करते? भाकरी उतरली की क्षणभरही जाळ फुकट जाऊ देत नाही. लाकूड ओढते, पाण्याचा हबका मारते, कोळसा बाजूला ठेवते. सरपण तिच्यापाशी आहे. नाही असे नाही. पण शिजवायला काही नसताना चूल पेटती ठेवणे म्हणजे घर जाळणे, हे तिला कळते. उपाशी कोंबडीचे यकृत त्या म्हातारीसारखे वागते. धग कमी झाली की शरीर कमी जळते. पहिल्या दिवसातच यकृतातली साठवलेली साखर संपते. मग चरबीवर भागवावे लागते. चरबी संपली की स्वतःचे मांस खावे लागते. ती शेवटची पाळी जितकी लांबवता येईल तितके बरे. टी-थ्री खाली आणणे हा ती लांबवण्याचा एक उपाय आहे.

यातली खरी खुबी अशी की हे सारे परतीचे आहे. लूव्हेनच्याच मंडळींनी 1999 साली दाखवून दिले की, उपाशी कोंबडीला पुन्हा दाणे दिले की विझवणारा रस झपाट्याने ओसरतो आणि टी-थ्री वर येते. माणसाच्या रक्तात टी-फोर अर्धे व्हायला आठवडा लागतो. कोंबडीत ते काही तासांत होते. म्हणून तिची चूल विझतेही लवकर आणि पेटतेही लवकर. दुष्काळाच्या मुलखात जगायचे तर असे शरीर हवे. वळवाचा एक पाऊस पडून किडे बाहेर आले की चार दिवसांत कोंबडीचा तुरा पुन्हा लाल दिसू लागतो, तो उगीच नव्हे.

येथवरची हकीकत निसर्गाच्या शहाणपणाची झाली. पुढची माणसाच्या शहाणपणाची आहे, आणि ती तितकी गोड नाही.

खुडूक कोंबडीचा उपवास तिचा स्वतःचा. दुष्काळातला उपवास आभाळाचा. तिसरा एक उपवास आहे, तो मालकाचा. अंडी देणारी कोंबडी वर्ष-सव्वा वर्ष भराने अंडी देते. मग अंडी कमी होतात, कवच पातळ होते. निसर्गक्रमाने ती पिसे गाळते, थोडी विसावते आणि नव्या पिसांनिशी पुन्हा अंड्यावर येते. पण प्रत्येक कोंबडी आपापल्या वेळी पिसे गाळणार, सवडीने विसावणार. हजारो कोंबड्यांच्या मालकाला हे परवडत नाही. सगळ्यांनी एकदम पिसे गाळावीत आणि एकदम अंड्यावर यावे, असे त्याला वाटते. त्यावर उपाय निघाला तो उपाशी ठेवण्याचा. हा उपाय जुना आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1908 साली पिसे गाळण्यावर एक पुस्तिका काढली, तीत सक्तीने पिसे गाळायला लावण्याचा विचार झालेला आहे. 1920 च्या दशकात मॉस्कोला झावादोव्स्की यांनी कोंबड्यांना अवटू ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा त्यांची पिसे झडली. ग्रंथीचा आणि पिसांचा संबंध असा उघड झाला.

पुढे पिंजऱ्यातली कोंबडीपालनाची पद्धत जगभर पसरली, तसा हा उपायही पसरला. खाद्य काढून घ्यायचे. एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, आठवडा, दहा दिवस, कधी चौदा दिवससुद्धा. दिवे कमी करायचे. काही ठिकाणी पहिल्या दिवसांत पाणीसुद्धा तोडीत. कोंबडीचे वजन चौथ्या हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक उतरले की मग खाद्य द्यायचे. या दिवसांत तिच्या रक्तात तेच घडते, जे आपण आत्ता पाहिले. टी-थ्री उतरते, टी-फोर चढते, अंडकोश आक्रसतो, पिसे झडतात. मग खाद्य मिळाले की ती सावरते आणि पुन्हा अंडी देऊ लागते. हिशेबाच्या वहीत एक फायदा लिहिला जातो.

वाचकहो, येथे थोडे थांबू. हा उपाय चालतो कशाच्या जोरावर? कोंबडीच्या शरीरात दुष्काळासाठी ठेवलेली जी पुंजी आहे, तिच्याच जोरावर. यकृतातल्या त्या म्हातारीने जाळ विझवून जीव राखला, म्हणून मालकाला पुन्हा अंडी मिळाली. आणि जी तेवढे सोसू शकली नाही, ती पिंजऱ्यात मरून पडली. तिचा हिशेब 'मर' या सदरात जातो.

नुकसान एवढेच नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यातील पीटर होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, असे उपाशी ठेवलेल्या कोंबड्यांना सालमोनेला या जंतूची लागण लवकर होते आणि जास्त जोराने होते. हा जंतू अंड्यातून माणसाच्या पोटात उतरतो, आणि त्याने जुलाब, ताप, ओकाऱ्या होतात. जाळ कमी झालेल्या घरात चोराला शिरणे सोपे जाते, तसे हे झाले. पुढे अमेरिकेतल्या अंडे-उत्पादकांच्या संघटनेने 2006 पासून आपल्या प्रमाणपत्रासाठी खाद्य तोडण्याची पद्धत वर्ज्य केली. पोट भरेल पण पौष्टिकता कमी असे कोंड्याचे खाद्य देऊनही पिसे गाळता येतात, हेही प्रयोगांनी दिसले. म्हणजे उपाशी ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, हा युक्तिवादही राहिला नाही.

आणि आपल्या देशात? येथे तर कायदा आधीपासून होता. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांवरील क्रूरतेचा प्रश्न लावून धरला आणि 1960 साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, मालकाने आपल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे हा गुन्हा आहे. कोंबडी ही यातून वगळलेली नाही. तरी 2011 साली भारतीय प्राणी कल्याण मंडळाला, कोंबड्या उपाशी ठेवून पिसे गाळायला लावणे बंद करा, असे वेगळे बजावावे लागले. कायदा कागदावर असतो. तो खुराड्यापर्यंत चालत जायला वेळ लागतो.

आता तुम्ही विचाराल, तर मग कोंबडीचा दाणा कधीच काढू नये का? तसे नाही. या विद्येचा एक चांगला उपयोगही आहे, आणि तो आपल्या उन्हाळ्यातला आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो. कोंबडीचे अंग मुळातच आपल्याहून उष्ण, सुमारे 41 अंश. तिला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून सोडून बसते. अन्न पचताना शरीरात उष्णता निर्माण होते. सकाळी उशिरा भरपेट खाल्ले, तर ती उष्णता नेमकी दुपारच्या उन्हाला येऊन मिळते. म्हणून जाणते कोंबडीपालक पहाटे खाद्य देतात, ऊन चढण्यापूर्वी चार-पाच तास खाद्य उचलतात, आणि ऊन उतरल्यावर पुन्हा देतात. पाणी मात्र गार आणि भरपूर, दिवसभर. चुलीतला जाळ थोडा कमी केला की कोंबडी ऊन सोसते. तिच्या रक्तातले टी-थ्री उतरले की तिची उष्णता सोसण्याची ताकद वाढते, हेही प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे.

पाहा, शास्त्र तेच. ग्रंथी तीच, यकृत तेच, रस तेच. दुपारचे काही तास खाद्य काढले तर कोंबडी वाचते. दहा दिवस काढले तर तिचा छळ होतो. फरक शास्त्रात नाही. खाद्य कोणासाठी काढले, यात आहे. पहिल्यात कोंबडीचे हित, दुसऱ्यात तिच्या सोशिकपणावर चालवलेला व्यापार.

एक गोष्ट गावातल्या भगिनींना विशेष सांगतो. खुडूक मोडण्यासाठी कोंबडीला गार पाण्यात बुचकळून दोन-दोन दिवस डाल्याखाली दाण्या-पाण्याविना कोंडण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. ती सोडा. उजेडाच्या, वारा लागेल अशा जागी, खाली गवत न घालता, दाणापाणी देऊन तिला तीन-चार दिवस वेगळी ठेवली की खुडूक आपोआप मोडते. आणि दुष्काळी वर्षी घरची कोंबडी उकिरड्यावर सोडून देऊ नका. कोंडा, निवडलेल्या भाजीची पाने, मूठभर मोडकी ज्वारी, एवढे दिले तरी तिचा जाळ पूर्ण विझत नाही. याबाबत सल्ला हवा असेल तर आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. उदगीर गाव 1982 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. लातूर वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेले. तेथे 1987 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्या आपल्या उंबऱ्याशी आली आहे. विचारायला लाजू नये.

शेवटी पुन्हा 1972 कडे वळू. त्या वर्षी या मुलखातल्या माणसांनी जे सोसले, त्याचे कौतुक पुढे पुष्कळ झाले. मराठवाड्याचा माणूस काटक, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण ज्याने ते सोसले त्याला विचारा. तो म्हणेल, "सोसलं बाबा, पण कुणी सोसायला लावू नये." माणसाच्या आणि कोंबडीच्या शरीराला भुकेत तग धरण्याची विद्या लाखो वर्षांच्या दुष्काळांनी शिकवली आहे. ती संकटासाठी आहे. कोणाच्या तरी हिशेबासाठी ती खर्च करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

उद्या सकाळी दारात कोंबडी आली की तिच्या गळ्याकडे क्षणभर पाहा. तेथे पिसांखाली ते दोन तांबूस दाणे आपले काम करीत असतील. तिला मूठभर ज्वारी टाका. थोड्याच वेळात तिच्या यकृतातली म्हातारी चुलीत लाकूड सरकवील.